हेलिऑसची साक्ष

ग्रीक पुराणकथा शिकवताना आपण वर्गात काही समीकरणे फार सहजपणे देऊन टाकतो. झ्यूस म्हणजे आपला इंद्र, हेडीस म्हणजे यम, अपोलो म्हणजे सूर्य. अनोळखी नावांच्या गर्दीत विद्यार्थ्याला पाय टेकायला थोडी जागा मिळावी, हा त्यामागचा हेतू चांगलाच असतो. मीही कित्येक वर्षे ही समीकरणे फळ्यावर लिहीत आलो. एकदा 'इलियड'चा पहिला सर्ग चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, अपोलो जर सूर्यदेव आहे, तर तो ऑलिंपसवरून रात्रीसारखा कसा उतरतो?" होमरने खरोखरच तसे म्हटले आहे. पुजाऱ्याच्या अपमानाने संतापलेला अपोलो खांद्यावर धनुष्य आणि भाता घेऊन रात्रीसारखा खाली येतो, आधी खेचरांवर व कुत्र्यांवर आणि मग माणसांवर बाण सोडतो, आणि नऊ दिवस ग्रीक छावणीत चिता पेटत राहतात. 'काव्यगत विरोधाभास' असे काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. घरी येऊन पुस्तके पुन्हा उघडली तेव्हा ध्यानात आले की विरोधाभास होमरमध्ये नव्हताच, तो माझ्या फळ्यावर होता.

होमरच्या जगात अपोलो हा सूर्य नाही. तो धनुर्धर आहे, रोगराई पाठवणारा आणि ती दूर करणारा आहे, वीणेचा आणि भविष्यकथनाचा देव आहे. सूर्य निराळा आहे आणि त्याचे नाव हेलिऑस. ग्रीक भाषेत सूर्यासाठी जो साधा, रोजच्या वापरातला शब्द आहे तोच या देवाचे नाव आहे. (आपला 'सूर्य' आणि ग्रीकांचा 'हेलिऑस' हे शब्द एकाच प्राचीन मुळापासून निघालेले आहेत, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच.) हेसिअडच्या 'थिओगोनी'त त्याची वंशावळही वेगळी दिली आहे: हायपेरिऑन आणि थेइआ या टायटन दांपत्याची तीन अपत्ये, हेलिऑस, चंद्रदेवता सिलीनी आणि उषा म्हणजे इऑस. अपोलो हा झ्यूस आणि लेटो यांचा मुलगा. म्हणजे हेलिऑस आधीच्या पिढीतल्या देवकुळाचा, तर अपोलो नव्या सत्ताधाऱ्यांच्या घरातला.

मग ही सरमिसळ झाली कशी? अपोलोचे 'फीबस' हे विशेषण तेजस्वितेचे आहे, त्यामुळे एक वाट आधीच मोकळी होती. पुढे तत्त्वचिंतकांनी आणि रोमन कवींनी ती रुंद केली. ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसीस'मध्ये फेथॉनचा पिता असलेल्या सूर्याला सरळ 'फीबस' म्हटले आहे. युरोपने ग्रीक कथा प्रदीर्घ काळ लॅटिनच्या चष्म्यातून वाचल्या आणि आपण त्या इंग्रजीच्या चष्म्यातून. कीट्सच्या १८२० साली प्रसिद्ध झालेल्या अपूर्ण 'हायपेरिअन'मध्ये जुना सूर्यदेव हायपेरिऑन आणि त्याच्या जागी येऊ घातलेला अपोलो अशी रचना आहे. हेलिऑसला तिथे जागाच उरलेली नाही. इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमातून आपल्याकडे जो ग्रीक सूर्य आला, तो हा असा.

कोणी म्हणेल, नावाने काय एवढे बिघडते? परीक्षेत अर्धा गुण जाईल, इतकेच. माझे म्हणणे असे की यात बरेच काही बिघडते. अपोलोच्या पाठीमागे हेलिऑस झाकला गेला की ग्रीक साहित्याने मोठ्या चिकाटीने हाताळलेला एक प्रश्नही झाकला जातो. ज्याला सगळे दिसते त्याच्या हाती न्याय असतो का, हा तो प्रश्न. हेलिऑस हा पाहणारा देव आहे. मात्र पाहणे आणि न्याय करणे यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते ग्रीक कवींनी त्याच्याच रूपाने दाखवले आहे.

प्रथम त्याची स्थिती पाहू. इ. स. पू. सातव्या शतकातला कवी मिम्नेर्मस हेलिऑसचे वर्णन करतो ते एखाद्या सम्राटाचे नव्हे, तर अखंड राबणाऱ्या श्रमिकाचे. त्याला आणि त्याच्या घोड्यांना विसावा म्हणून नाही. दिवसभर आकाश ओलांडायचे आणि रात्री सोन्याच्या पोकळ शय्येत निजल्या निजल्या ओशनसच्या पाण्यावरून पुन्हा पूर्वेकडे वाहत यायचे, की तिथे दुसऱ्या दिवसाचा रथ जुंपलेला तयार असतो. हेराक्लिटसने सूर्याबद्दल बजावून ठेवले आहे की तो आपली मर्यादा ओलांडणार नाही. ओलांडली तर न्यायाच्या सेविका असलेल्या सूडदेवता त्याला हुडकून काढतील. 'इलियड'च्या अठराव्या सर्गात, पॅट्रोक्लसचे शव ग्रीकांच्या हाती आल्यावर, हीरा हेलिऑसला वेळेआधीच मावळायला पाठवते. त्याची इच्छा नसते, तरी तो जातो. सर्वांच्या वर असलेला हा देव वेळापत्रकाने बांधलेला आहे आणि ते वेळापत्रकही त्याच्या हातचे नाही.

मात्र या ठरलेल्या वाटेमुळेच त्याला एक अधिकार मिळतो. रोज सगळ्या पृथ्वीवरून जाणाऱ्याच्या नजरेतून काय सुटणार? म्हणून शपथेच्या वेळी त्याला बोलावतात. 'इलियड'च्या तिसऱ्या सर्गात मेनेलेअस आणि पॅरिस यांच्या द्वंद्वापूर्वी दोन्ही पक्ष करार करतात, तेव्हा सूर्यासाठी पांढरा मेंढा आणि पृथ्वीसाठी काळी मेंढी आणली जाते, आणि अगॅमेम्नॉन झ्यूसबरोबर सर्व पाहणाऱ्या, सर्व ऐकणाऱ्या हेलिऑसला साक्षी ठेवतो. पुढच्याच सर्गात पॅन्डरसचा बाण सुटतो आणि शपथ मोडते. तीही भर दिवसा, दोन्ही सैन्यांच्या देखत. हेलिऑस काय करतो? होमर त्याविषयी एक अक्षरही लिहीत नाही. शपथभंग करणाऱ्यांना शासन करणाऱ्या पाताळातल्या शक्तींना अगॅमेम्नॉनने त्याच प्रार्थनेत वेगळे आवाहन केलेले असते. साक्षीदार वेगळा आणि दंड देणारे वेगळे, ही वाटणी प्रार्थनेच्या शब्दांतच झालेली आहे.

या वाटणीचे सर्वांत हृदयस्पर्शी चित्र होमरच्या नावावर मोडणाऱ्या डिमीटरच्या स्तोत्रात आहे. पर्सिफनीचे अपहरण झाले आहे. आई नऊ दिवस मशाली घेऊन पृथ्वी धुंडाळते. खरे सांगायला देवही तयार नाहीत आणि माणसेही. दहाव्या दिवशी हेकटी भेटते, पण तिने फक्त किंकाळी ऐकलेली असते. मग दोघी हेलिऑसकडे जातात आणि त्याच्या घोड्यांसमोर उभ्या राहतात. तो सांगतो, आणि खरे तेच सांगतो: दोष दुसऱ्या कोणाचा नाही, झ्यूसने आपली मुलगी आपल्या भावाला, हेडीसला दिली. संपूर्ण स्तोत्रात सत्य उघड बोलणारा पहिला देव हाच. पण त्याचे बोलणे तिथे थांबत नाही. तो डिमीटरला समजावतो की आता शोक आवर, हेडीस हा जावई म्हणून काही कमी योग्यतेचा नाही, तो तुझाच सख्खा भाऊ आहे, एवढ्या मोठ्या राज्याचा धनी आहे. इतके बोलून तो घोड्यांना हाक देतो आणि निघून जातो.

हा प्रसंग शिकवताना आपण बहुधा पहिल्या अर्ध्यावर थांबतो आणि 'सूर्याने डिमीटरला सत्य सांगितले' असे म्हणून पुढे जातो. मला दुसरे अर्धे अधिक महत्त्वाचे वाटते. हेलिऑसने सगळे पाहिले होते. त्याने अपहरण थांबवले नाही, विचारल्यावाचून तो बोलला नाही, आणि बोलला तेव्हा आईच्या दुःखापेक्षा स्थळ किती तोलामोलाचे आहे याची त्याला अधिक मातब्बरी वाटली. त्याची साक्ष निर्दोष आहे, पण तिच्यात करुणा नाही. तरीही त्या साक्षीविना पुढे काहीच घडले नसते. डिमीटरचा संताप, दुष्काळ, झ्यूसची शरणागती आणि पर्सिफनीचे वर्षातून काही काळ परतणे, हे सारे त्या एका उत्तरातून निघते. न्याय डिमीटरने मिळवला. हेलिऑसने तिला फक्त नाव सांगितले.

'ओडिसी'च्या आठव्या सर्गात हीच साक्ष विनोदाच्या अंगाने येते. एरीज आणि अफ्रोडायटी यांचे चोरटे प्रेम हेलिऑसच्या नजरेस पडते आणि तो ते हेफेस्टसला कळवतो. सापळा रचतो हेफेस्टस, जाळे विणतो हेफेस्टस. हेलिऑस पहारा ठेवतो आणि पुन्हा बातमी देतो. जाळ्यात सापडलेल्या जोडीला पाहून देव मनमुराद हसतात. पाहणाऱ्याचे चहाड्या सांगणाऱ्यात रूपांतर व्हायला फारसे अंतर कापावे लागत नाही, याची जाणीव होमरला होती असे दिसते.

मग हेलिऑस स्वतःहून काही करतच नाही का? करतो, आणि त्याच जागी ग्रीक कवींची दृष्टी अधिक तीक्ष्ण होते. 'ओडिसी'च्या बाराव्या सर्गात थ्रिनेकिया बेटावर त्याची गुरे आहेत: गाईंचे सात कळप, मेंढ्यांचे सात कळप, प्रत्येक कळपात पन्नास जनावरे. ही जनावरे वाढत नाहीत आणि मरतही नाहीत. (३५० या संख्येचा संबंध प्राचीन टीकाकारांनी वर्षाच्या दिवसांशी जोडला होता.) भुकेने व्याकूळ झालेले ओडिसियसचे सोबती गाई मारून खातात. गंमत अशी की सर्वसाक्षी हेलिऑसला ही बातमी लांपेटी नावाची त्याची मुलगी येऊन सांगते. जगाचे सगळे पाहणाऱ्याला स्वतःच्या गोठ्यातली खबर दुसऱ्याकडून कळावी लागते! त्यावर तो झ्यूसकडे दाद मागतो आणि धमकी देतो की भरपाई मिळाली नाही, तर पाताळात जाऊन मृतांसाठी प्रकाशेन. झ्यूस त्याची समजूत घालतो आणि जहाजावर वीज टाकायचे कबूल करतो. इथेही दंड देणारा हात झ्यूसचाच. पण अपहृत मुलीसाठी जो संप त्याला सुचला नाही, तो आपल्या गाईंसाठी सुचला, हे विसरता येत नाही. आणखी एक नाजूक खोच होमरने ठेवली आहे. हा सारा स्वर्गीय संवाद आपल्याला ओडिसियस सांगतो. त्याला तो कॅलिप्सोने सांगितला आणि तिला हर्मीसने. सर्वसाक्षी देवाची फिर्याद आपल्यापर्यंत पोचते ती ऐकीव माहिती म्हणून.

युरिपिडीसने हा धागा कुठवर नेला ते इ. स. पू. ४३१ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'मेडिआ'त पाहता येते. मेडिआ ही हेलिऑसची नात. नाटकात इजिअस तिला आश्रय देण्याची शपथ घेतो ती पृथ्वी आणि सूर्यप्रकाश यांना स्मरून. ती मुलांना मारायला आत जाते तेव्हा कोरिंथच्या स्त्रियांचा समूह पृथ्वीला आणि हेलिऑसला आळवतो: पाहा, हिला आवरा, या घरातून हिला दूर करा. साक्षीदाराने एकदा तरी मध्ये पडावे, अशी ती विनवणी आहे. आणि हेलिऑस मध्ये पडतो. मात्र मुलांसाठी नव्हे. नाटकाच्या अखेरीस मेडिआ छतावर दिसते ती आजोबांनी पाठवलेल्या रथात, मुलांची शवे घेऊन. हे कृत्य केल्यावर तू सूर्याकडे आणि पृथ्वीकडे कोणत्या तोंडाने पाहतेस, असे जेसन ओरडून विचारतो. त्याला कळत नाही की सूर्याने आपली बाजू केव्हाच निवडलेली आहे. हा शेवट उपरा आहे, असा आक्षेप ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये घेतला आणि तो आपण वर्गात आदराने उद्धृत करतो. पण रथ कोणाचा आहे आणि आधीच्या प्रार्थना कोणाला उद्देशून होत्या, हे ध्यानात घेतले तर तो रथ यंत्रावर अचानक उतरलेला वाटत नाही. नाटकभर ज्याला साक्षी ठेवले गेले त्याने अखेर दिलेले ते उत्तर आहे, आणि ते भयंकर आहे. अपोलो आणि हेलिऑस एकच, असे डोक्यात ठेवून वाचणाऱ्याला ही रचना दिसणारच नाही.

युरिपिडीसच्याच 'फेथॉन' या नाटकाचे आज केवळ तुकडे उरले आहेत. त्यातला एक तुकडा आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. पित्याचा रथ हाकण्याचा हट्ट धरून फेथॉन जळून मेला आहे आणि त्याची आई क्लिमेनी हेलिऑसला दूषणे देत म्हणते की देवांची गूढ नावे जाणणारे तुला अपोलो म्हणतात ते योग्यच आहे. 'अपोलो' हे नाव आणि 'नाश करणे' या अर्थाचे ग्रीक क्रियापद यांच्या उच्चारसाम्यावर तो श्लेष आहे. उपलब्ध ग्रीक साहित्यात हेलिऑस आणि अपोलो एकच असल्याचे स्पष्टपणे सांगणाऱ्या अगदी आरंभीच्या उल्लेखांत हा मोडतो. म्हणजे जे समीकरण आपण फळ्यावर निर्विकारपणे लिहितो, ते या नाटकात पुत्रशोकाने वेड्या झालेल्या आईच्या तोंडी शाप म्हणून आले आहे.

ओव्हिडने याच कथेत आणखी एक पदर जोडला. तिथे सूर्य मुलाला हवे ते देण्याची स्टिक्स नदीची शपथ घेऊन बसतो आणि मग ती मोडता येत नाही. ज्याला साक्षी ठेवून जग शपथ घेते, तो स्वतःच्या शपथेत अडकतो. मुलगा गेल्यावर तो शोकाने एक दिवस उगवत नाही. मग ज्युपिटर विनवतो, धमकावतो, आणि तो पुन्हा घोडे जुंपतो, त्यांच्यावर राग काढत, चाबूक ओढत.

यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. हेलिऑस इतका परतंत्र होता, तर ऱ्होड्स बेटावर त्याची एवढी थोरवी कशी? पिंडारने ऱ्होड्सच्या डायगोरस या मुष्टियोद्ध्यासाठी इ. स. पू. ४६४ च्या विजयानिमित्त रचलेल्या गीतात सांगितले आहे की देवांनी पृथ्वी वाटून घेतली तेव्हा हेलिऑस हजर नव्हता, त्याची चिठ्ठी टाकायची राहून गेली. म्हणून समुद्रातून नुकतेच वर येऊ लागलेले ऱ्होड्स त्याने मागून घेतले. पुढे डिमेट्रिअसचा वेढा उठल्यावर ऱ्होड्सवासीयांनी हेलिऑसचा जो ब्राँझचा पुतळा उभारला तो सत्तर हात, म्हणजे सुमारे ३३ मीटर उंच होता. शिल्पकार लिंडॉसचा कॅरीस. इ. स. पू. २२६ च्या सुमाराच्या भूकंपात तो गुडघ्यांतून मोडून पडला. ही थोरवी खरीच. पण पिंडारची कथाही कामात गुंतल्यामुळे वाटणीला मुकलेल्या देवाचीच आहे. आणि ऱ्होड्स हा अपवाद होता. अथेन्समध्ये इ. स. पू. ४२१ च्या 'शांतता' या नाटकात ॲरिस्टोफेनीस सूर्य-चंद्रांना यज्ञ करणे ही परकीयांची रीत म्हणून त्यावर विनोद करू शकत होता. पार्थेनॉनच्या पूर्वेकडील त्रिकोणी शिल्पपट्टात मधोमध अथीनाचा जन्म होता आणि हेलिऑस अगदी टोकाच्या कोपऱ्यात, घोड्यांसह समुद्रातून डोके वर काढणारा. घटना मध्यभागी, पाहणारा कडेला.

त्याला राजपद मिळाले ते फार उशिरा. रोममध्ये ऑरेलिअनने इ. स. २७४ मध्ये 'अजिंक्य सूर्या'चे मंदिर उभारले आणि ३६१ ते ३६३ या काळात राज्य करणाऱ्या ज्युलिअन या सम्राटाने 'राजा हेलिऑस' याला उद्देशून गद्यस्तोत्र लिहिले. तोवर हेलिऑस, अपोलो आणि इतरही अनेक देव एकाच तेजात विरघळू लागले होते. धर्मेतिहासाच्या दृष्टीने हा मोठा टप्पा आहे. साहित्याच्या दृष्टीने मात्र मला त्यात तोटा दिसतो, कारण सर्वशक्तिमान झालेल्या सूर्याला कोणी आई जाब विचारू शकत नाही.

आपल्यासारख्या वाचकांची एक अधिकची अडचण आहे. संस्कृत परंपरेत सूर्याला 'कर्मसाक्षी', 'जगच्चक्षू' ही नावे आहेत, त्यामुळे हेलिऑस आपल्याला चटकन ओळखीचा वाटतो. पण विराटपर्वात कीचकाच्या घरी जाण्याची सक्ती झालेली द्रौपदी सूर्याची प्रार्थना करते, तेव्हा तो तिच्या रक्षणासाठी अदृश्य राक्षस धाडतो. आपला साक्षी हाकेला धावतो. ही सवय घेऊन आपण ग्रीक ग्रंथ उघडतो आणि तिथल्या सूर्याच्या हातून न झालेले रक्षणही नकळत त्याच्या पदरी टाकतो. साम्य शोधण्याची हौस एकोणिसाव्या शतकात मॅक्स म्यूलरने इतकी वाढवली की ज्या त्या वीराची कथा म्हणजे सूर्योदय आणि सूर्यास्त ठरू लागली. अखेर १८७० मध्ये त्याच्याच पद्धतीने मॅक्स म्यूलर हाही एक सौर मिथकच असल्याचे सिद्ध करणारे विडंबन लिहिले गेले. तुलना जरूर करावी. पण ती फरक कुठे सुरू होतो तिथपर्यंत तरी न्यावी.

त्या विद्यार्थिनीला मी पुढच्या तासाला माझी चूक सांगितली आणि फळ्यावरचे समीकरण पुसले. आता मी ग्रीक पुराणकथांची सुरुवात डिमीटरच्या स्तोत्रातल्या त्या प्रसंगाने करतो. मुलांना विचारतो, हेलिऑस दोषी आहे का? वर्ग दर वर्षी दुभंगतो. कोणी म्हणते, त्याने खरे सांगितले, आणखी काय करायचे? कोणी म्हणते, त्याने पाहिले तेव्हाच ओरडायला हवे होते. मी निकाल देत नाही. एवढेच सांगतो की ती आई दहा दिवसांची उपाशी आहे, ती घोड्यांसमोर उभी आहे, आणि रथ थांबला आहे तोवरच तिला विचारून घ्यायचे आहे.